आधी वार ठरव, मग जागा

विश्रामबाग, सांगली

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं, कलावंतांना एकत्र भेटायला जागा काढायचा तुझा बेत कळला, सोबतचा नकाशाही नीट पाहिला. शंभर फुटी रस्त्यावरचा पहिल्या मजल्यावरचा गाळा, एक भिंत चित्रांसाठी, कोपऱ्यात चहा-कॉफीचा ओटा, मधे छोटा मंच आणि वरून सोडलेले पिवळे दिवे. पुण्यात राहून तू जे पाहिलंस, अनुभवलंस, ते आपल्या गावातल्या मुलांनाही मिळावं म्हणून तू परत आलास, याचा मला मनापासून आनंद आहे. लिहिणारी, गाणारी, चित्रं काढणारी, नाटक करणारी माणसं या गावात घराघरात आहेत आणि त्यांतली बरीचशी एकेकटी आहेत, हे तुझं निरीक्षण अगदी खरं आहे. तू विचारलं आहेस, "बाई, डिपॉझिट भरू का?"

भरू नकोस. निदान वर्षभर तरी नाही. तुझा बेत मला मोडायचा नाही. तो टिकावा, तुझे पैसे आणि उमेद दोन्ही पहिल्याच पावसाळ्यात संपू नयेत, म्हणून सांगते आहे.

सांगलीत खोल्यांची वाण नाही. शाळांचे वर्ग संध्याकाळी रिकामे असतात. वाचनालयांच्या वरच्या मजल्यांवर खुर्च्या एकावर एक रचून ठेवलेल्या असतात. मंगल कार्यालयं चातुर्मासात लग्नं नसल्यामुळे ओस पडलेली असतात आणि त्यांचे मालक तेव्हा दिवाबत्तीच्या खर्चातसुद्धा एखादी खोली द्यायला तयार होतात. गणेश मंडळांचे छोटे हॉल आहेत, तालमींच्या माड्या आहेत, देवळांचे सभामंडप आहेत. कमतरता आहे ती ठरलेल्या वेळेची. या गावात आज कविता लिहिणाऱ्या मुलीला वाटलं की आपल्यासारखं कुणीतरी भेटावं, तर कोणत्या वारी, किती वाजता, कुठे जायचं हे तिला कुणीच सांगू शकत नाही. तुझ्या गाळ्यानेही ते कळणार नाही. उघडा गाळा म्हणजे "कधीही या", आणि कधीही या म्हटलं की माणसं कधीच येत नाहीत. ती येतात तेव्हा आत दुसरं कुणी नसतं. मग एक चहा घेऊन, भिंतीवरची चित्रं पाहून जातात आणि परत फिरकत नाहीत.

म्हणून आधी वार ठरव. समज, दर गुरुवार, संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ. ठरवण्यापूर्वी चार ठिकाणी विचार: कुपवाडच्या एमआयडीसीतल्या मुलांना सुट्टी कधी असते, क्लास घेणाऱ्यांची कोणती संध्याकाळ मोकळी असते, तासगाव-पलूसकडे परतणाऱ्याला शेवटची एसटी कधी मिळते. एकदा ठरलं की वर्षभर तो वार हलवायचा नाही. पाऊस असो, क्रिकेटचा सामना असो, तुझ्या घरी पाहुणे असोत, साडेसहाला दार उघडलं पाहिजे. त्यासाठी किल्ली दोघांकडे हवी. एक तुझ्याकडे आणि दुसरी अशा माणसाकडे, ज्याला स्वतःला काही सादर करायची घाई नाही. असा माणूस शोधायला वेळ लागेल, पण तो मिळाल्याशिवाय सुरुवात करू नकोस. कलावंतांच्या गटात दार उघडणारा आणि सतरंजी घालणारा माणूस सगळ्यात दुर्मीळ असतो आणि गट त्याच्याच जिवावर चालतो, हे मी इतक्या वर्षांत पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

पहिल्या काही आठवड्यांत दोन-तीनच जण येतील. तेव्हा कार्यक्रम पुढे ढकलायचा नाही. तिघं असलात तर तिघांनी बसायचं, कुणाचं तरी काहीतरी वाचायचं आणि साडेआठला उठायचं. चौथा माणूस जेव्हा ऐनवेळी, न सांगता येईल, तेव्हा त्याला दार उघडं दिसलं पाहिजे.

आता एक काम सांगते. एखाद्या दुपारी मिरजेला जा आणि सतारमेकर गल्लीत तास-दोन तास बस. घाईने फोटो काढून येऊ नकोस, बस. तिथल्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात हत्यारं घडवायचं काम मागे पडल्यावर तंतुवाद्यं घडवायला घेतली. आज मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन आहे, २०२४ साली ते मिळालं. हे तुला ठाऊक असेलच. पण तुला जे पाहायचं आहे ते मानांकनात नाही, दुकानाच्या पायरीवर आहे.

कुणीतरी तंबोरा घेऊन आलेला असतो, जवारी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीमुळे येणारा गुंजता नाद, बिघडली म्हणून. कारागीर तार घोडीवरून बाजूला सारतो, कानशीने घोडीचा माथा दोन-चार वेळा अलगद घासतो, फडक्याने पुसतो, तार पुन्हा जागेवर आणतो, छेडतो आणि मान कलती करून ऐकतो. आवाज अजून बंद आहे. पुन्हा तार बाजूला, पुन्हा कानस. मग तारेखाली दोरा घालून तो केसभर पुढे-मागे सरकवतो आणि एका क्षणी तारेचा आवाज उमलतो. सगळ्या तारांचं हे होईपर्यंत बराच वेळ जातो. तंबोऱ्याचा मालक तोवर पायरीवर बसलेला असतो. दरम्यान कुणी सतारीच्या तारा न्यायला येतो, कुणी नुसताच भोपळा पाहायला. बसलेला माणूस आलेल्याला विचारतो, कुणाकडे शिकता? बोलणं सुरू होतं. कुणाच्या तंबोऱ्याचा षड्ज कसा लागायचा यावर वाद होतो आणि कारागीर मान वर न करता त्यात एक वाक्य टाकतो, जे दोघांनाही ऐकावं लागतं. तासाभरापूर्वी अनोळखी असलेली ही माणसं एकमेकांचे नंबर घेऊन उठतात.

तिथे कुणी कलावंतांचा मेळावा भरवलेला नसतो. मधे एक काम चाललेलं असतं, त्या कामाला वेळ लागतो आणि त्या वेळात माणसं एकमेकांना सापडतात. तुझ्या गुरुवारच्या मधोमध असं काहीतरी काम हवं. नुसतं "या, गप्पा मारू" म्हटलंस तर जे बोलण्यात पटाईत आहेत तेच येतील, आणि ज्याच्या हातात कला आहे पण तोंडात शब्द नाहीत असा माणूस दाराशी उभा राहून परत जाईल. आपल्याकडे चित्रकार आणि वाजवणारे बहुतेक असेच असतात. एका गुरुवारी एखाद्या नाटकाचं सगळ्यांनी मिळून वाचन, पात्रं वाटून घेऊन. एका गुरुवारी एकाने समोर बसायचं आणि बाकीच्यांनी त्याचं रेखाटन करायचं, ज्यांना येत नाही त्यांनीही. एका गुरुवारी कुणाची अर्धवट कथा. महिन्यातून एकदा कुणीतरी आपल्या हातातलं हत्यार, वाद्य, ब्रश, कॅमेरा घेऊन यावं आणि ते कसं चालतं ते दाखवावं. मिरजेचा एखादा कारागीर आला तर त्याच्यासाठी एसटीचे पैसे, चहा आणि भरपूर वेळ ठेव. सांगली, मिरज आणि कुपवाड एकाच महापालिकेत असूनही सतार घडवणारा आणि गाणी लिहिणारा मुलगा आयुष्यात एकदाही समोरासमोर बसत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

मिरजेत वाद्यं का बहरली, याचाही विचार कर. तिथे गाणारे राहत होते. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर तिथे शिकवत होते, विष्णू दिगंबर पलुसकर त्यांच्यापाशी शिकले. पुढे अब्दुल करीम खाँसाहेब तिथे स्थायिक झाले. १९३७ साली ते गेले, त्यांची कबर मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारातच आहे आणि उरुसात गवई आजही तिथे येऊन हजेरी लावतात. गाणारा आणि वाद्य घडवणारा हाकेच्या अंतरावर राहिले, एकाची तक्रार दुसऱ्याच्या कानावर लगेच गेली, म्हणून वाद्य सुधारत गेलं. तुझ्या खोलीत नाटकवाला, चित्रकार, कवी आणि शिंपीकाम जाणणारी बाई एकत्र बसली तर असं काहीतरी घडू शकेल. एकाच कलेचा गट करू नकोस. कवींचा कट्टा पुष्कळदा कवींनाच कंटाळवाणा होतो.

पैशाबद्दल तू लिहिलं आहेस की एक उद्योजक मदत करायला तयार आहेत, फक्त जागेला त्यांच्या वडिलांचं नाव द्यायचं. यावर मला आपल्याच गावचा इतिहास सांगावासा वाटतो. १८४३ च्या ५ नोव्हेंबरला विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' केलं ते सांगलीच्या चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने. त्या तारखेला आपण मराठी रंगभूमी दिन साजरा करतो. पुढचा भाग मात्र भाषणांत क्वचितच येतो. १८५१ साली आप्पासाहेब गेले आणि दरबारचा आधार तुटला. भावे मंडळी घेऊन बाहेर पडले, गावोगाव खेळ करू लागले आणि १८५३ मध्ये मुंबईत त्यांनी तिकीट लावून प्रयोग केले. एका माणसाच्या आश्रयावर उभी राहिलेली गोष्ट त्या माणसाबरोबर संपू शकली असती. भाव्यांनी प्रेक्षकाकडे हात पसरला म्हणून नाटक जगलं.

त्यांना नम्रपणे सांग, आत्ता नको. दाराशी एक डबा ठेव. ज्याला जमेल त्याने दहा-वीस रुपये टाकावेत, ज्याला जमणार नाही त्याच्याकडे कुणी पाहू नये. चहा आणि भडंग एवढंच द्यायचं, त्याला किती खर्च येतो? जमाखर्च एका वहीत लिहून ती वही टेबलावर उघडी ठेव, कुणालाही चाळता यावी अशी. लोक पैशापेक्षा न दिसणाऱ्या हिशेबाला घाबरतात. हिशेब दिसला की पैसे आपोआप येतात. उद्योजकांना मदत करायचीच असेल तर पन्नास खुर्च्या घेऊन देऊ देत, आणि खुर्च्यांच्या पाठीवर नाव नको.

संस्था नोंदवायची घाई नको. तू पत्रात अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव यांची नावंही सुचवली आहेस, ती यादी फाडून टाक. पदं आधी वाटली की माणसं पदांसाठी भांडतात आणि गुरुवार बाजूला राहतो. माझ्या डोळ्यांदेखत एक उत्तम गट असा मोडला. वाद सुरू झाला निमंत्रणपत्रिकेवर कुणाचं नाव आधी यावं इथून. वर्ष-दीड वर्षाने, पैसा जमू लागला, बँकेत खातं हवं झालं की मग सोसायटी नोंदणीच्या १८६० च्या कायद्याखाली नोंद करावी लागेल. त्याला किमान सात जण लागतात. आपल्या राज्यात त्याबरोबर धर्मादाय कार्यालयाकडे १९५० च्या कायद्याने न्यास म्हणूनही नोंद होते आणि पुढे दरवर्षी हिशेब तपासून द्यावे लागतात. तेव्हा ते सात जण तुला माहीत झालेले असतील, कारण वर्षभर पावसापाण्यात आलेले तेच असतील. गाळा घ्यायची वेळ आली तर भाडेकरार नोंदवूनच घे. तोंडी बोलण्यावर किंवा नुसत्या स्टॅम्पपेपरवर राहू नकोस, मालक कितीही ओळखीचा असला तरी.

नाटकाचा प्रयोग तिकीट लावून करायचं ठरलं तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून प्रमाणित करून घ्यावी लागते, त्याला वेळ धरून चाल. ध्वनिक्षेपक शक्यतो वापरूच नकोस. वीस-पंचवीस माणसांच्या खोलीत माइकची गरज नसते. माइक आला की बोलणाऱ्याचा आवाज बदलतो आणि ऐकणारे प्रेक्षक होऊन बसतात. शिवाय रात्री दहानंतरच्या आवाजाचा नियम आहे, आणि शेजाऱ्यांची एक तक्रार वर्षभराची पुण्याई धुऊन नेते. शेजाऱ्यांना पहिल्याच आठवड्यात स्वतः जाऊन भेट. त्यांच्या घरात कुणी आजारी आहे का, कुणाची दहावी-बारावी आहे का, विचारून ये.

बैठकीबद्दल माझं म्हणणं जरा सविस्तर सांगते, कारण इथेच आपल्याकडच्या चांगल्या गोष्टी बिघडतात. सांगलीला कार्यक्रमांची सवय आहे. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, पाहुण्यांची ओळख, शाल-श्रीफळ, मनोगत, अध्यक्षीय भाषण, आभार. या सगळ्यातून वाट काढत कविता येते तेव्हा ऐकणाऱ्यांचं निम्मं लक्ष घड्याळाकडे असतं. तुझ्या गुरुवारी यातलं काहीही नको. मंच नको, टेबलामागे बसलेली माणसं नकोत. सतरंजी घाल आणि कडेने खुर्च्या ठेव, कारण माझ्यासारख्यांचे गुडघे जमिनीवर बसू देत नाहीत. नामवंत माणूस आला तर आनंदच आहे, पण त्यानेही गोलातच बसावं आणि त्याचा सत्कार होऊ नये. नामवंतांना हे आवडतं, असा माझा अनुभव आहे. त्यांनाही कुठेतरी साधं बसायला हवं असतं.

दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये १९७४ पासून 'आविष्कार' या नाट्यसंस्थेने प्रायोगिक नाटकं केली. तो शाळेचा एक साधा हॉल होता. नाटकाप्रमाणे प्रेक्षकांनी कुठे बसायचं ते बदलता यायचं, आणि व्यावसायिक रंगमंचावर ज्याला कुणी तारीख दिली नसती ते तिथे उभं राहू शकलं. हॉल भव्य असता, खुर्च्या जमिनीला ठोकलेल्या असत्या, भाडं जास्त असतं, तर त्या मंडळींना इतकं धाडस परवडलं नसतं. स्वस्त जागेत माणूस चुकायला मोकळा असतो. शेजारच्या कोल्हापुरातला देवल क्लब बघ. १८८३ पासूनची ती संस्था संगीताच्या हौसेपोटी एकत्र येणाऱ्यांनी उभी केली. माणसं आधी जमली, इमारती मागाहून आल्या.

तुझ्या खोलीत अपुरं काम वाचायची मुभा हवी, किंबहुना अपुरंच वाचावं असा आग्रह धर. छापून आलेली कविता वाचायला दुसरी व्यासपीठं आहेत. वाचून झाल्यावर लगेच "वा वा" नको आणि लगेच चिरफाडही नको. थोडा वेळ सगळे गप्प बसा. मग वाचणाऱ्याने स्वतः विचारावं: मला शेवटाची शंका आहे, तुम्हाला काय वाटतं? तेवढ्याच प्रश्नावर बोलायचं. जो माणूस दर वेळी दुसऱ्याच्या लिखाणात मात्रा मोजत बसतो त्याला एक गुरुवार स्वतःचं वाचायला दे, तो मवाळ होईल. आणि एकाच माणसाने सलग दोन गुरुवार वाचायचं नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळ. यात तू स्वतःही आलास.

आता मुलींबद्दल. तू लिहितोस की "सगळ्यांना खुलं" असेल. दारावर तसं लिहिलं म्हणून मुली येत नाहीत. नवी मुलगी दारात येते आणि आधी पाहते की आत आणखी एखादी बाई बसली आहे का. नसेल तर फोन कानाला लावून निघून जाते. म्हणून सुरुवातीपासून दोन-तीन जणींना आग्रहाने बोलाव, त्यातली एक माझ्या वयाची असेल तर उत्तम, कारण घरचे विचारतात "तिथे कोण असतं?" आणि त्याचं उत्तर मुलीला देता आलं पाहिजे. स्वच्छतागृह आधी तपास. आतून कडी लागते का, दिवा आहे का, पाणी येतं का. जिना अंधारा असेल तर तिथे बल्ब लाव. साडेआठला संपवायचं म्हणजे साडेआठलाच संपवायचं. खरी मैफल नंतर रंगते असं मुलगे म्हणतात, आणि नेमक्या त्याच वेळी मुली, लेकुरवाळ्या बाया आणि गावाकडे जाणारे उठून गेलेले असतात. मग खरे निर्णय त्यांच्या माघारी होतात. ज्या आईला मूल सोडून येता येत नाही तिने मूल घेऊन यावं, रडलं तर रडलं.

आणखी कोण येत नाही ते दर महिन्याला वहीत पाहा. हा जिल्हा कुणाचा आहे ते आठव. अण्णा भाऊ साठे वाटेगावचे. रेठरे हरणाक्षच्या कुलकर्ण्यांच्या घरातला मुलगा तमाशात गेला आणि पठ्ठे बापूराव झाला. तमाशातल्या काळू-बाळूंचं कवलापूर इथून दुचाकीवर किती लांब आहे? तरी कला म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर विश्रामबागेतली आणि गावभागातली ठरावीक घरं येतात, आणि शाहीर, हलगी वाजवणारा, गोंधळी, तमाशातली बाई यांची आठवण लोककला महोत्सवात, फेटे बांधून मिरवण्यापुरती होते. तुझ्या खोलीत त्यांना पाहुणे म्हणून नेऊ नकोस. हलगी वाजवणारा मुलगा दर गुरुवारी येऊन, कधी न वाजवता, नुसता दुसऱ्याची कविता ऐकून, त्यावर बोलून गेला पाहिजे. त्यासाठी तुला त्याच्या वस्तीत, त्याच्या वेळेला, आधी काही वेळा जाऊन बसावं लागेल. पोस्टर लावून हे होणार नाही. महिन्यातला एक गुरुवार फिरता ठेवलास तर आणखी चांगलं: कधी हरिपूरच्या संगमावर, कधी मिरजेत, कधी कवलापुरात. वार तोच, वेळ तीच.

जागेबद्दल एक इशारा द्यायचा राहिला. पुस्तकं, वाद्यं, चित्रं तळमजल्यावर ठेवू नकोस, विशेषतः गावभाग, हरभट रोड, मारुती रोड या बाजूला. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं तेव्हा चिखलात गेली. पाणी ओसरल्यावर तिथली ओली, फुगलेली, एकमेकांना चिकटलेली पानं पाहून मोठी माणसं रडली. कुठलीही खोली पाहायला जाशील तेव्हा मालकाला पहिला प्रश्न हा विचार: २००५ ला आणि २०१९ ला पाणी कुठवर आलं होतं? भिंतीवर अजून खूण सापडेल.

तुझ्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फक्त निरोप जाऊ दे: या गुरुवारी काय आहे, कोण वाचणार आहे. कविता तिथे टाकायच्या नाहीत. तिथे अंगठे मिळाले की माणसाला खोलीत यायचं कारण उरत नाही. फोटो कमी काढा, आणि ज्याचा काढाल त्याला विचारून. अपुरं काम वाचणाऱ्याचं चित्रीकरण तर मुळीच नको.

आता लगेच करायचं ते सांगते. तुझ्या घराजवळच्या दोन शाळा आणि एक वाचनालय निवड. मुख्याध्यापकांना किंवा ग्रंथपालांना सकाळी अकराच्या सुमारास, कामाची गर्दी सुरू व्हायच्या आत भेट. सोबत एक पानी अर्ज ने. त्यात वार, वेळ, किती माणसं येतील, वीजबिलापोटी तुम्ही काय द्याल, खोली झाडून आणि खुर्च्या जागेवर लावून देण्याची जबाबदारी कुणाची, आणि तुझ्यासोबत आणखी एका प्रौढ व्यक्तीची सही एवढं लिही. ती सही मी करीन. "कला चळवळ", "सांस्कृतिक परिवर्तन" असले शब्द अर्जात नकोत, खोली देणाऱ्याला त्याची भीती वाटते. तीन महिन्यांसाठीच माग. तीन महिने खोली स्वच्छ मिळाली की पुढचं ते स्वतःच विचारतील. अर्जाच्या दोन प्रती काढ, एकीवर पोच म्हणून शिक्का घे आणि कोणता वार ठरला ते मला रविवारी सकाळी फोन करून सांग.

तुझ्या
बाई